हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका

“...मग दारातूनच का बोलता गोदाबाईंशी?”

अप्पांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या खोलीत दुपारच्या फिल्म्स घेऊन उभा होतो. प्रश्न मला नव्हता. खिडकीशी उभ्या असलेल्या डॉक्टर टिपणिसांना होता.

“बारा दिवस झाले तुम्हाला येऊन,” अप्पा म्हणाले. “बाराही दिवस तुम्ही उंबऱ्यात उभं राहून पेशंट तपासलेत.”

“काम कुठे अडलं का, सर?”

“गोदाबाईंनी परवापासून दूध सोडलंय. काल सुईलाही नको म्हणाल्या.”

“का?”

“तेच तुम्हाला विचारतोय.”

ही गोष्ट त्रेसष्ट सालची. साताऱ्याकडच्या एका माळावर आमचं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. लांबच लांब कौलारू वॉर्ड, पुढे रुंद व्हरांडे, आणि भोवती सुरूची झाडं. सकाळी उन्हं आली की खाटा व्हरांड्यात ओढायच्या. दुपारी दोनची घंटा झाली की चारपर्यंत कुणी अवाक्षर बोलायचं नाही. सोमवारी वजन. ज्याचं वजन शेर-दोन शेर वाढलं असेल तो दिवसभर सगळ्यांना सांगत सुटायचा.

मी तिथे एक्स-रे काढत असे. दानिएल साळवे माझं नाव. तेवीस वर्षं काढली त्या डार्करूममध्ये. फिल्म पक्की करायच्या औषधाचा, हायपोचा, वास बोटांतून कधी गेला नाही. बायको म्हणायची, तुमच्या हातचा घास आंबट लागतो.

आता तिथे काही नाही. मागे एकदा मुद्दाम जाऊन आलो. सुरूची झाडं तेवढी आहेत. वारा सुटला की अजून तसाच आवाज करतात.

अप्पा म्हणजे डॉक्टर गोऱ्हे. आरोग्यधामाचे मुख्य. साठी उलटलेली, अंगानं काटकुळे, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. नव्या डॉक्टरांना ते शिकवत असत, पण त्यांनी कधी फळ्यावर काही लिहिल्याचं मला आठवत नाही.

टिपणीस सव्वीस वर्षांचे. मुंबईहून सुवर्णपदक घेऊन आलेले. फिल्म वाचण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण रुग्णाजवळ जायची वेळ आली की पाय उंबऱ्यावर थांबायचे.

आणि गोदाबाई कासारीण. आठवड्याच्या बाजारात बांगड्या भरणारी बाई. वीस वर्षं तिनं रोज शंभर हात हातात घेतले. आजार कळल्यापासून तिचा हात कुणी धरला नव्हता.

“मी विचारलं त्यांना,” अप्पा म्हणाले. “म्हणाल्या, डाक्टर शिकल्याला हाय, त्याला सगळं म्हाईत असंल. त्यो जवळ येत न्हाई म्हंजी माझं आटोपलंच.”

“हा अडाणीपणा आहे, सर.”

“असेल.”

“त्या सुधारताहेत. कागदावर सगळं आहे.”

“त्यांना कागद वाचता येत नाही. तुम्हाला वाचतात त्या.”

टिपणिसांचे कान लाल झाले.

“थुंकी तीनदा तपासली,” अप्पा म्हणाले. “जंतू?”

“नाहीत.”

“त्यांच्यापासून धोका?”

“...नाही.”

“मग?”

टिपणिसांनी कोटाच्या खिशातून एक पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“हा राजीनामा आहे, सर. आजच देणार होतो.” मग भरभर बोलले. “माझा एक वर्गमित्र या रोगानं वर्षभर पडला. फार हुशार होता. मी आयुष्यात एक दिवस आजारी पडलो नाही. आमच्या घराण्यात हा रोग नाही. सात पिढ्यांत नाही. माझी छाती स्वच्छ आहे, आणि मला ती स्वच्छ ठेवायची आहे. यात चूक काय?”

अप्पा रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. पाकिटाला त्यांनी हातही लावला नाही.

त्यांनी टेबलाचा खण उघडला. आतून एक फिल्म काढली. भिंतीवरच्या पेटीतला दिवा लावून ती तिच्यावर धरली.

फिल्मच्या कोपऱ्यात नाव असतं. त्या कोपऱ्यावर अप्पांचा अंगठा होता.

ती फिल्म कुणाची, मला ठाऊक होतं. मीच काढली होती. मी खाली पाहिलं.

“जायच्या आधी एवढी वाचून द्या,” अप्पा म्हणाले. “तुमच्याइतकं चांगलं कुणाला वाचता येत नाही इथे.”

हे बोलणं टोमण्याचं नव्हतं. टिपणीस जवळ आले. फिल्म समोर आली की त्यांचा चेहराच बदलायचा.

“पुरुष. पंचविशीचा. हृदय ठीक. डावं फुप्फुस ठीक...” बोट उजव्या फुप्फुसावर सरकलं. थांबलं. “इथे खाली, हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका आहे. कडा अगदी रेखीव. आणि इथे, फुप्फुसाच्या मुळाशी, तशीच एक गाठ.”

“म्हणजे?”

“जुना क्षय, सर. लहानपणचा. भरून आलेला.”

“किती लहानपणचा?”

“सांगता येत नाही. पाच-सहा वर्षांचा असेल.”

“म्हणजे वीस वर्षांपूर्वी. तेव्हा औषध कोणतं दिलं असेल?”

टिपणीस हसले. “तेव्हा औषध होतं कुठे? स्ट्रेप्टोमायसिनची सुई नंतरची.”

“मग बरा कसा झाला हा?”

“शरीरानं केला.”

“कसा?”

हे तर पुस्तकातलं. टिपणीस सांगू लागले. “जंतू आत शिरले की पांढऱ्या पेशी धावून जातात, त्यांना गिळतात. पण हे जंतू चिवट. गिळले तरी मरत नाहीत. मग आणखी पेशी येतात आणि त्यांच्याभोवती दाटीनं उभ्या राहतात. थरावर थर. जंतू आत कोंडले जातात. पुढे त्या जागी चुना साठतो. तोच हा ठिपका.”

“मारता आलं नाही, म्हणून कोंडलं.”

“हो.”

“कोंडलेले अजून आत असतील?”

“पुष्कळसे मरतात. काही... झोपून राहतात.”

“किती वर्षं?”

“माणूस जगेल तितकी.”

“आणि पहारा?”

“तोही तितकाच, सर.”

“या माणसाला यातलं काही कळलं असेल?”

“नाही. आठ-दहा दिवस बारीक ताप आला असेल. घरच्यांना सर्दी-पडसं वाटलं असेल.”

“लागण कुठून झाली?”

“घरातूनच. लहान मुलाला बहुधा घरातल्याच माणसाकडून होते. रोज जवळ घेणाऱ्या माणसाकडून.”

अप्पा थोडा वेळ फिल्मकडे पाहत राहिले.

“आता हा माणूस रोगी म्हणायचा की निरोगी?”

“निरोगी.”

“छाती स्वच्छ आहे त्याची?”

“स्वच्छ नाही. पण निरोगी आहे.”

“हा तुमच्याकडे आला तर कुठे उभे राहाल? उंबऱ्यात?”

“छे. याच्यापासून कसला धोका? शेजारी बसवीन.”

अप्पांनी अंगठा उचलला.

कोपऱ्यात शिशाच्या अक्षरांनी उमटलेलं नाव होतं. एन. टिपणीस. खाली तारीख, बारा दिवसांपूर्वीची.

नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीची फिल्म पहिल्याच दिवशी काढायची, असा आमच्याकडे नियम होता. डॉक्टर असो की झाडूवाला. त्या फिल्म्स अप्पाच वाचत.

बाहेर सुरूतून वारा गेला.

“साळवे,” टिपणीस एकदम माझ्याकडे वळले. “फिल्म बदलली आहे तुम्ही.”

“नाही, डॉक्टर.”

“नाव चुकीचं लावलंय. असं होतं. शंभर फिल्म्समध्ये एखादी...”

माझ्या हातून कधी कुणाचं नाव चुकलं नव्हतं. मला राग आला. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि तो गेला.

“पुन्हा काढून घ्या,” अप्पा म्हणाले. “आत्ता. आणि धुताना तुम्ही स्वतः उभे राहा.”

मी त्यांना मशीनसमोर उभं केलं. हनुवटी वर, खांदे पुढे. श्वास घ्या, धरून ठेवा. त्यांनी श्वास धरला तो मी सोडा म्हटल्यावरही सोडला नाही.

मग डार्करूम. दार लावलं. लाल दिवा.

दोघांना उभं राहायला जेमतेम जागा. फिल्म चौकटीत अडकवून मी टाकीत बुडवली. अधूनमधून वर काढून दिव्यासमोर धरायची. आधी काहीच नसतं. मग बरगड्यांच्या सावल्या येतात. मग हृदय.

मग तो ठिपका आला. त्याच जागी.

मी फिल्म पाण्यातून काढून हायपोत सोडली. आता थांबायचं होतं.

“साळवे,” अंधारातच ते म्हणाले. “मघाशी बोललो ते... माफ करा.”

“असू द्या, डॉक्टर.”

“माझी एक आत्या होती. मनूआत्या.”

मी ऐकत राहिलो. डार्करूममध्ये माणसं बोलतात. तोंड दिसत नसतं म्हणून असेल.

“आमचं घर पेणला. आत्या विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा मी चार वर्षांचा. आई धाकटीत गुंतलेली. मी आत्याचाच झालो. तिच्याजवळ जेवायचं, तिच्याजवळ निजायचं. ती वाल सोलायला बसली की मी समोर. सोललेला प्रत्येक दहावा वाल माझ्या तोंडात. कच्चा, कडवट... तरी मी तोंड उघडून बसायचो.”

ते हसले असावेत.

“ताटातला पहिला घास मला. तिच्याच हातानं. आणि मग एके दिवशी सगळं थांबलं.”

“थांबलं?”

“मागच्या पडवीत तिनं वेगळं अंथरूण घातलं. कोळशानं जमिनीवर एक रेघ ओढली. म्हणाली, नंदू, या रेघेच्या अलीकडे यायचं नाही. मला गंमत वाटली. मी रेघ ओलांडून तिच्या मांडीत जाऊन बसलो.”

“मग?”

“तिनं मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. पाठीत, जोरानं. आणि ओरडली, पुन्हा आलास तर तंगडी मोडीन.”

हायपोत फिल्म हलवायची वेळ झाली होती. मी हलवली.

“मी कट्टी घेतली तिच्याशी. रोज रेघेपाशी जाऊन तिच्याकडे पाठ करून बसायचो. तिला दिसावं म्हणून. ती पलीकडून हाका मारायची, गोष्टी सांगायची. मी वळून बघायचो नाही. श्रावणात ती गेली. मला शेवटचं बघायला बोलावलं, मी गेलो नाही. विषमज्वर झाला होता म्हणाले सगळे.”

मी चौकट पुन्हा एकदा हलवली.

“वीस वर्षं मी सांगत आलो, साळवे. आम्हाला एक आत्या होती, फार दुष्ट होती.”

मी फिल्म काढून पाण्यात सोडली. दार उघडलं. उजेडात आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि कोटाच्या टोकानं पुसत राहिले. फार वेळ पुसत राहिले.

टिपणीस तिथून अप्पांकडे गेले नाहीत. बायकांच्या वॉर्डाकडे गेले. ओली फिल्म टांगून मीही मागे गेलो. उगाच. राहवलं नाही म्हणून.

गोदाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. उशाशी दुधाचा पेला, वर साय धरलेली.

टिपणीस खाटेवर बसले. खाट करकरली. गोदाबाईंनी वळून पाहिलं आणि अंग चोरून घेतलं.

“डाक्टर, सरकून बसा. लागंल तुमास्नी.”

“नाही लागत. हात द्या इकडे.”

नाडी कागदावर लिहिलेली होती. तरी त्यांनी मनगट धरलं. घड्याळाकडे न बघता धरून बसले.

“मावशी, दूध का सोडलंत?”

“मरायला टेकल्याली बाई. तिला दूध कशाला?”

“कोण म्हणालं मरायला टेकलात?”

त्या मग हळूच म्हणाल्या, “रोज सांजचा ताप येतो की.”

“पूर्वीइतका?”

“न्हाई. कमी हाय.”

“ताप रोग नव्हे, मावशी. जंतू आत शिरले, की तुमचं शरीरच चूल पेटवतं. त्या धगीत त्यांना वाढता येत नाही.”

“आन घाम? लुगडं भिजतं माझं.”

“धग फार झाली की तेच शरीर पाणी शिंपडतं.”

“आन खोकला?”

“झाडलोट. आतला कचरा बाहेर टाकायचा.”

गोदाबाई आढ्याकडे बघत राहिल्या. “म्हंजी म्या हितं निपचित पडल्याली, आन आत समदी कामं चाललीत?”

“रात्रंदिवस.”

“मला सांगितलं न्हाई कुनी.”

“मलाही,” टिपणीस म्हणाले. “त्या कामाला दूध लागतं, मावशी. सुई आम्ही देतो. बाकीचं तुमच्या शरीराला करायचंय.”

त्यांचा हात अजून गोदाबाईंच्या मनगटावर होता. बाईंनी दुसऱ्या हातानं तो उलटा केला, चार बोटं जुळवून दाबली, अंगठ्याचं हाड चाचपलं. बाजारात करतात तसं.

“मऊ हात हाय,” त्या म्हणाल्या. “अडीचची बांगडी सहज चढंल.”

वॉर्डातल्या सगळ्या बायका हसल्या. टिपणीसही. मग गोदाबाईंनी पेल्यावरची साय बोटानं बाजूला केली आणि दूध प्यायल्या.

सात महिन्यांनी त्या स्वतःच्या पायांनी घरी गेल्या. पुढे कितीतरी वर्षं दिवाळीच्या आधी येत, आणि नर्सेसच्या हातांत हिरव्या बांगड्या भरून जात.

राजीनाम्याचं पाकीट अप्पांच्या टेबलावर आठवडाभर पडून होतं. एके सकाळी दिसेनासं झालं. कुणी उचललं, मला माहीत नाही. टिपणीस नऊ वर्षं राहिले आमच्याकडे. जंतू असलेल्या रुग्णांपाशी तोंडाला फडकं बांधत, हात घासून धूत, सगळी काळजी घेत. पण उंबऱ्यावर ते मला पुन्हा कधी दिसले नाहीत.

फिल्म धुतली त्या दिवशीच त्यांनी आईला पत्र लिहिलं होतं. दहा दिवसांनी उत्तर आलं.

संध्याकाळची वेळ होती. मी अप्पांच्या खोलीत त्या दिवसाच्या फिल्म्स लावत होतो. टिपणीस आत आले. हातात आंतर्देशीय पत्र. उभ्याउभ्याच त्यांनी ते वाचून दाखवलं. आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न करत होते.

“चिरंजीव नंदू यास अनेक आशीर्वाद. मनूवन्संचं तुला कुणी सांगितलं? धाकटीचं लग्न व्हायचं आहे, हे पत्र वाचून फाडून टाक. तुझ्या वडिलांना त्यांचा आजार समजला तो शेवटी. वन्संना आधीच कळलं होतं. ती रेघ त्यांनी आपणहून ओढली, आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. तुला मारलं त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, वहिनी, तो रागावलेलाच बरा. त्या गेल्यावर अंथरूण, लुगडी, पोथी, सगळं परसात जाळलं. लोकांत बोभाटा नको म्हणून नावही घ्यायचं सोडलं...”

त्यांनी पत्राची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

अप्पा खुर्चीत बसून ऐकत होते. बाहेर वॉर्डात कुणीतरी बारीक आवाजात भजन म्हणत होतं.

“सर,” टिपणीस म्हणाले, “तिचा चेहरा आठवत नाही मला. हात आठवतात. वाल सोलणारे. आवाज आठवतो. चेहरा नाही. मी पाठ करून बसायचो ना...”

टिपणिसांनी पत्र खिशात ठेवलं.

“आणि आता पाहायचं म्हटलं तर... घरात तिचा एक फोटो नाही.”

अप्पा उठले. कपाट उघडलं. खाकी पाकिटांच्या गठ्ठ्यातून ती हरभऱ्याएवढ्या ठिपक्याची फिल्म शोधून काढली. खिडकीच्या उरल्यासुरल्या उजेडात एकदा पाहिली, आणि दोन्ही हातांनी टिपणिसांच्या हातात दिली.

“एक आहे,” ते म्हणाले.